खालच्या रानाची सही

३ एप्रिल २०२५

दानू,

आशीर्वाद लिहीत नाही. तू घेणार नाहीस, मग वाया कशाला घालू? तीन वेळा फोन केला, तीनही वेळा माझा आवाज ऐकून ठेवलास. पत्र फाडायचं म्हटलं तरी आधी हातात धरावं लागतं, म्हणून लिहायला बसले. तुम्ही हुपरीला गेल्यापासून बारा वर्षांत तुझ्या थोरल्या जावेनं तुला लिहिलेलं हे पहिलं अक्षर, आणि तेही काम पडलं म्हणून. अडला हरी गाढवाचे पाय धरी. हे जरा रागात लिहून गेले. खोडत नाही, खोडलेलं तू आधी वाचशील.

काम सांगते. ओढ्याकडच्या आपल्या शिवारात जमिनीखालून निचऱ्याचे पाईप घालायचं ठरलंय. साडेचार फूट खोल चर मारायचा आणि त्यात भोकं पाडलेला, जाळी गुंडाळलेला पाईप पुरायचा. रानात तुंबलेलं खारं पाणी त्यात उतरतं आणि ओढ्याला जातं. दोन-तीन वर्षांत पांढरं पडलेलं रान परत पिकाला येतं. ऐकीव सांगत नाही, शेजारच्या गावात जाऊन बघून आले. जिथं कुसळ उगवत नव्हतं तिथं गुडघाभर हरभरा आला होता म्हणाले, आणि त्याचा बुडखा मी स्वतः उपटून बघितला.

शिवारात अडतीस जणांची रानं. सदतीस सह्या झाल्या. राहिली तुझी. तुमचे तीस गुंठे सगळ्यांच्या खाली, ओढ्याला लागून. योजनेचं बघतो तो अमरसिंह दारात उभा राहून मला म्हणाला, "काकू, पाणी वरनं खाली येतंय, पर पाईप खालनं वर घालत जायला लागतंय. खालच्याची सही न्हाय तर सदतीस सह्यांची काय बी किंमत न्हाय." चर मारायचं यंत्र पंचवीस एप्रिलला येतंय आणि वीस मेला दुसऱ्या गावाला जाणार. पुढच्या तारखा त्यांच्या लागलेल्या आहेत. कागदावर शिवलिंग भाऊजींचंही नाव आहे, पण ते तुझ्या शब्दाबाहेर नाहीत, म्हणजे सही तुझीच.

तुमचं रान गेलं ते नशिबानं गेलं. त्यात कुणाचा दोष काढायचा? आता माझंही चाललंय. दोन एकरातला ऊस गुडघ्याच्या वर येत नाही. बांधावर बसून उठलं की लुगड्याला पांढरं लागतं. यशराज म्हणतो, यंदा निचरा झाला नाही तर रान सोलरवाल्यांना देऊन टाकू, एकोणतीस वर्षांचा करार, वर काचा आणि खाली गवत. माझ्या पोटी आलेलं पोर आहे, नोकरी करतं, त्याला रान म्हणजे सात-बाराचा कागद. मला तसं नाही.

सही दे. बाकी बोलायचं ते नंतर बोलू.

शांतादेवी


१२ एप्रिल

दानू,

उत्तर आलं नाही म्हणून यशराजला पाठवलं. पोरगं सांगत होतं, काकूनं चहा दिला, वर शेवचिवडा दिला, चांदीच्या घुंगरांना डाग देऊन जोडायचं काम थांबवून समोर बसली. बोटांना भाजल्याचे डाग पडलेत तुझ्या, असंही म्हणाला. मग सहीचा कागद पुढे केल्यावर तू काय म्हणालीस तेही त्यानं जसंच्या तसं सांगितलं. "सहीचं मागनं बघू. तुझ्या आईला इचार, कोनाड्यातला बैल का रंगिवला."

कसला बैल? मला काही आठवत नाही.

घरात बेंदराला दरसाल मातीचे बैल होतात. आपल्याकडे कुंभाराचे बैल आणत नाहीत, ज्याच्या त्याच्या रानातल्या मातीचे करतात, हे तुला सांगायला नको. अव्वांचे हात चालत होते तोवर त्यांनी केले, मग थोरली सून म्हणून मी केले. इतक्या वर्षांत किती बैल केले, कोणाला तांबडी काव लावली, कोणाला चुना लावला, कोण लक्षात ठेवतंय? तू बारा वर्षं उराशी काय धरून बसलीस कोण जाणे. चांदीच्या कामात नजर बारीक होते म्हणतात, माणसाच्या चुकाही बारीक दिसायला लागत असतील.

इथं लोक माझ्या दारावरून जाताना मुद्दाम मोठ्यानं बोलतात. दोन जावांच्या भांडणात सगळं शिवार बुडवताय काय, असं काल एकानं तोंडावर विचारलं. मी त्याला चार शब्द सुनावले. मग घरात येऊन दाराला कडी लावली.

तेरा दिवस राहिले. सही दे गं.

शांतादेवी


२० एप्रिल

दानू,

अर्धं खरं लिहिते. निदान एवढं तरी वाच.

तुमच्या रानाला पाणी माझ्या रानातून मुरलं. हे मला तेव्हाच कळत होतं. नदीवरून पाण्याची योजना आली तेव्हा तू नवी नवरी होतीस. त्याआधी या शिवारात शाळू होता, भुईमूग होता, बांधाला मिरच्या होत्या. पाणी आलं आणि सगळीकडे ऊस झाला. आमची पाळी आली की मी पाणी सोडून घरी येत होते, दुसऱ्या दिवशी जाऊन बंद करत होते. रान भरून वाहिलं पाहिजे, असं आम्हा सगळ्यांचंच मत. ऊस पाण्यावर आणि खतावर येतो, हेच तेव्हा शहाणपण होतं. जास्तीचं पाणी जातंय कुठं, हे कुणी विचारलं नाही. ते तुमच्या तीस गुंठ्यांत जात होतं.

आणि तुमचा ऊस वाळायला लागला तेव्हा पाण्याच्या टाकीजवळ, डेअरीत, लग्नकार्यात मी काय बोलत फिरले तेही आठवतं मला. धाकट्याला नांगरट वेळेवर होत नाही. धाकटा आळशी. धाकटीला उन्हाचं वावडं. भाऊजींसारखा राबणारा माणूस, आणि मी त्यांचं नाव गावाच्या तोंडी दिलं. अव्वांनी तुला पांढऱ्या पायाची म्हटलं तेव्हा मी तिथंच भाकरी थापत होते. एक शब्द बोलले नाही.

आता रान मला एवढं का हवंय ते सांगते. उसासाठी नाही. यशराजला वाटतं उसासाठी, त्याला वाटू दे.

तुझे थोरले दीर गेले त्याला येत्या श्रावणात दोन वर्षं होतील. तू आली नाहीस, त्याचा राग मला आता नाही. भाऊजी आले, माती देऊन पाण्याचा घोटही न घेता परत गेले. त्यांनी तुला सांगितलं का, मला माहीत नाही. समाधीची जागा मीच दाखवली, रानाचा सगळ्यात उंच कोपरा, आंब्याखाली. चार फुटांवर पाणी लागलं. उपसलं की परत भरायचं. मोटर लावली. शेवटी भाऊजी आत उतरून बादलीनं पाणी काढत होते, सख्ख्या भावासाठी. स्वामींनी रीतीप्रमाणे मीठ मागितलं तर मागं कोणीतरी पुटपुटलं, "मीठ कशाला, रानात काय कमी हाय?" आपल्यात माणसाला झोपवत नाहीत, बसवतात. दानू, मी त्यांना पाण्यात बसवून आले. मांडीपर्यंत पाणी होतं तेव्हा माती लोटली. ते पन्नास वर्षं ज्या रानात कोरड्या पायानं फिरले त्या रानात.

रोज सकाळी जाते तर समाधीचा चौथरा खालून ओला असतो. पाऊस नसतानाही. विभूती लावली की तासाभरात त्यावर मीठ फुटतं. आता त्या काचा येणार. काचांखाली, पाण्यात, एकोणतीस वर्षं. मी तोवर असणार नाही, आणि मला त्यांच्या शेजारीच बसवतील.

परवा एक गोष्ट केली. तुझ्या जुन्या पासबुकावरची सही बघून यशराजच्या वहीत गिरवली. आठ वेळा बिघडली, नववी हुबेहूब आली. वही चुलीत घातली. मनात आलं होतं, हे तुझ्यापासून लपवत नाही.

शांता


२६ एप्रिल

दानू,

यंत्र काल आलं. चावडीसमोर उभं आहे, पोरं त्यावर चढून खेळतात. अमरसिंह म्हणतो, "सहीशिवाय दात जमिनीला लावायचा न्हाय, तसा करार हाय." रोज एक दिवस जातोय.

बैलाचं सांगते. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून चौदा वर्षं झाकली. आता मुठीत बोटंच दुखायला लागलीत.

त्या साली बेंदराला मी दोन जोड्या केल्या. एक आमच्या वरच्या रानाच्या मातीची, एक तुमच्या खालच्या रानाची. तू बाळंतपणाला माहेरी होतीस, शिवांशच्या वेळी. माती मीच आणली. दोन्ही जोड्या कोनाड्यात ठेवल्या. आमची काळी ती काळीच राहिली. तुमच्या बैलांच्या पाठीवर आठ दिवसांत पांढरं फुटलं, भाकरीला पीठ लागतं तसं. मी ओल्या फडक्यानं पुसलं. परत आलं. जिभेवर ठेवून बघितलं. मीठ होतं.

रान अजून वरून काळं दिसत होतं, दानू. कुणालाच कळलं नव्हतं. बैलांनी आधी सांगितलं. तेव्हा माती तपासायला नेली असती, आमचं पाणी निम्म्यावर आणलं असतं, मध्ये एक उघडा चर मारला असता, तर तुमचं रान राहिलं असतं. अडाणी असूनही मला एवढं कळत होतं, कारण अव्वा सांगायच्या, बैल पांढरा झाला की रानाला विश्रांती द्या.

पण त्या साली तुझ्या दिरांनी उसाच्या स्पर्धेत नाव घातलं होतं. एकरी शंभर टन. तालुक्यात कुणाचे आले नव्हते. त्यांना कळलं असतं तर त्यांनी त्याच दिवशी पाणी तोडलं असतं, तो माणूसच तसा होता. मला ती बक्षिसाची ढाल घरात हवी होती. बायका हळदीकुंकवाला आल्या की भिंतीकडे बघतील, एवढ्यासाठी. मी काव कालवली आणि तुमच्या जोडीला लावली. दोन हात लावले. तू परत आलीस तेव्हा म्हणालीस, "अक्का, आमचं बैल लई साजरं रंगिवलं की." मी हसले.

ढाल आली. एकशे तीन टन. दोन वर्षांनी तुम्ही घर सोडलं आणि ती जोडी तू पदरात गुंडाळून नेलीस. तिकडं काव उडाली असेल आणि खालून पांढरं आलं असेल. मीठ रंगानं मरत नाही.

त्यांना मी कधीच सांगितलं नाही. शेवटच्या आजारपणात ते म्हणत होते, "धाकट्याचं रान कशानं गेलं आसंल गं?" मी त्यांच्या तोंडात पाणी घातलं.

आता तुझ्याजवळ सगळं आहे. शिव्या दे, पण सही दे. माझ्यासाठी नको, त्यांच्यासाठी दे. त्यांना तू अण्णा म्हणायचीस.

शांता


२ मे

दानू,

अठ्ठावीसला तुझा फोन आला. बारा वर्षांनी आवाज ऐकला. घसा बसल्यासारखा झालाय तुझा, डागाचा धूर जात असेल. तू चारच वाक्यं बोललीस. "कागदावर लिवलंस ते मला एकटीला लिवलंस. माझ्या नवऱ्याचं नाव गावात घालिवलंस. तवा गावात बोललीस, आता बी गावात बोल. मग सही."

खरं सांगू? त्या दिवशी तुला मनातल्या मनात खूप बोलले. म्हटलं हिला दया म्हणून नाही. त्रेसष्ट वर्षांच्या बाईला चारचौघांत उभी करते. दोन दिवस जेवण गेलं नाही. यशराजला सांगायचीच लाज वाटत होती. तिसऱ्या दिवशी चौथऱ्यावरचं मीठ पुसताना हात थांबला. मी चौदा वर्षं हेच करतेय, पुसतेय.

काल एक मेची ग्रामसभा होती. भिंतीवरची ढाल काढली, पिशवीत घातली आणि गेले. अमरसिंह पाईपाचा विषय काढून तुमच्या सहीवर आला तेवढ्यात उभी राहिले. ढाल टेबलावर ठेवली. तुला लिहिलेल्या पत्राची नक्कल वाचणार होते, पण चष्म्यावर पाणी आलं आणि अक्षर दिसेना. मग तोंडीच बोलले. बैल, काव, पाणी, सगळं. शिवलिंग आळशी नव्हता, आम्ही त्याचं रान बुडवलं आणि वर त्यालाच नावं ठेवली, हे मी तीनदा म्हणाले, कारण मागच्या बाकावरच्यांना ऐकू येत नव्हतं.

नंतर एक बाई म्हणाली, "आगं, मग आमच्या रानात बी तुझंच पाणी व्हय?" त्यावर एक म्हातारा म्हणाला, "सगळ्यांचंच सगळ्यांच्यात गेलंय, गप बस." यशराज माझ्याकडे न बघता बाहेर गेला.

दाराशी येऊन बघते तर पाराच्या कट्ट्यावर भाऊजी बसलेले. कधी आले, कुणी सांगितलं, तूच पाठवलंस की काय, माहीत नाही. सगळं ऐकलं होतं त्यांनी. मी पाया पडायला वाकले तर पाय मागे घेतले. म्हणाले, "वैनी, अण्णाला म्हाईत न्हवतं न्हवं?" मी म्हटलं, नव्हतं. एवढ्यावर त्यांनी डोळ्याला टॉवेल लावला. मग खिशातून तुझ्या सहीचा कागद काढून अमरसिंहाच्या हातात दिला.

म्हणजे तू आधीच सही करून पाठवली होतीस. मी बोलले नसते तर ते तसाच घेऊन परत गेले असते ना?

उद्या यंत्र चालू होतंय.

शांता


१४ जून

दानू,

तू पहिल्या दिवशी आलीस. मी लांब, बांधावर उभी होते. तुझ्या रानात चर पडला, पाईप ओढ्यात सोडला, आणि थोड्या वेळानं त्याच्या तोंडातून पाणी यायला लागलं, आधी गढूळ, मग चहाच्या रंगाचं. तू खाली उतरलीस, ओंजळ धरलीस, जिभेला लावून थुंकलीस. माझ्याकडे न बघता म्हणालीस, "खारट हाय." मला म्हणालीस की स्वतःशीच, कोण जाणे. मी ते मला म्हणालीस असं धरलंय.

तुझ्या रानातून आता दिवसरात्र पाणी जातंय. अमरसिंह म्हणतो पुढच्या साली ताग टाकता येईल.

माझं सांगते. पाईप खालून वर येत होता, एकेक रान करत. माझं रान सगळ्यात वर. वीस मेला पाईप माझ्या खालच्या बांधापर्यंत आला आणि यंत्र गाडीवर चढवलं. मी अमरसिंहाला हात जोडले, ड्रायव्हरला जोडले. "काकू, माझ्या हातात काय हाय? तिकडचं गाव थांबलंय. पंचवीसला सुरुवात झाली असती तर तुमचं बी झालं असतं." पंचवीस एप्रिल ते तीन मे. आठ दिवस. माझ्या रानाला दोनच लागणार होते. ते दिवस मी तुझ्या दयेची वाट बघण्यात आणि बैल आठवत नाही असं म्हणण्यात घालवले. पुढच्या उन्हाळ्यात बघू म्हणतात. यशराजनं सोलरचा कागद दिवाळीपर्यंत ठेवलाय. त्याच्यापुढं तो थांबणार नाही, मी त्याच्या जागी असते तर मीही थांबले नसते.

म्हणून मी हातानं चर खणायला घेतलाय. समाधीपासून खालच्या बांधापर्यंत, पाईपाच्या टोकाला नेऊन मिळवायचा. एकशे दहा हात आहे. वळवानं दोनदा बुजवला. खोऱ्यानं माती वर टाकली की निम्मी परत येते. आतापर्यंत एकोणीस हात झालाय, तोही कमरेएवढाच. यशराज म्हणतो, "आई, तुला येड लागलंय." असेल. कालच्याला तळात पाणी धरलं आणि हळूहळू खाली सरकायला लागलं. मी तिथंच बसून बघत राहिले. चौथरा मात्र अजून ओला आहे.

तुला ये म्हणत नाही. मदत मागायला मला तोंड राहिलेलं नाही, आणि तू सही दिलीस त्यात सगळं आलं.

आपला कर्नाटकी बेंदूर होऊन तीन दिवस झाले. यंदा एकच बैल केला, समाधीशेजारच्या मातीचा. हात कापतात, त्यामुळे एक शिंग वाकडं झालंय. रंग लावलेला नाही. शिवांश उद्या इकडून जाताना नेईल. तुझ्या कोनाड्यात तुमच्या जोडीजवळ ठेव. आठ-दहा दिवसांत त्याच्या पाठीवर पांढरं फुटेल. पुसू नकोस. घरी आलेल्या कुणी विचारलं, हा कुणाच्या रानाचा, तर माझं नाव सांग.

तुझी अक्का